तिसरा आवाज उशिरा येऊ द्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही तिघं सख्खी भावंडं फोक-रॉक वाजवता. ताईकडे अकूस्टिक गिटार आणि मुख्य आवाज, पाठच्या भावाकडे मँडोलिन आणि खालचा सूर, धाकटीकडे ड्रम आणि वरचा सूर. पहिला अल्बम तिघं एका घरात राहत होता तेव्हा झाला. आता भाऊ नोकरीमुळे लांब असतो, आणि दुसरा अल्बम 'ओढ' या एकाच भावनेवर करायचं ठरलंय. दहा गाण्यांचे डेमो तयार आहेत. ऐकणारे म्हणतात, हार्मनी (मुख्य चालीला वरून-खालून जुळणारे सूर) सुरेख आहे, पण चौथ्या गाण्यानंतर सगळं एकसारखं वाटतं आणि आत काही हलत नाही. भावाची बारा दिवसांची रजा मिळाली आहे. त्याआधी काय बदलावं, आणि त्या बारा दिवसांत रेकॉर्डिंग कसं करावं?

मी वीस वर्षांहून जास्त काळ रेकॉर्डिंग आणि मिक्सिंगचं काम करतोय. भावंडांचे बँड त्यात मोजकेच आले, पण आवाज एकमेकांत कसे मिसळतात हे मी त्यांच्याकडूनच शिकलो. म्हणून उत्तर लांबणार आहे.

दहाही डेमो मी सलग ऐकले. दुसऱ्यांदा ऐकताना कागदावर एकच नोंद केली: प्रत्येक गाण्यात दुसरा आवाज कधी येतो. आठ गाण्यांत तो पहिल्याच ओळीत आला. तिसरा आवाज तर सगळीकडे पहिला अंतरा संपायच्या आत हजर. मला अडचण इथेच दिसते. ओढ लागते ती जवळ नसलेल्याची, आणि तुमच्या गाण्यांत तिघंही सदैव खांद्याला खांदा लावून उभे असता. शब्द सांगतात 'तू इथे नाहीस' आणि आवाज सांगतात 'आम्ही सगळे इथेच आहोत'. असं झालं की कान आवाजांचं ऐकतो, शब्द वाया जातात.

हे तुमच्याच बाबतीत इतकं ठळक का होतं ते आधी सांगतो. भावंडांच्या गाण्यातल्या जुळण्याला 'ब्लड हार्मनी' म्हणतात, म्हणजे रक्तातून आलेली हार्मनी. घसा, टाळू, तोंडातली पोकळी यांची ठेवण बरीचशी वारशाने येते, त्यामुळे आवाजाचा पोत सारखा होतो. पण माझ्या अनुभवात त्याहून मोठा वाटा एका घरात बोलायला शिकण्याचा आहे. 'आ' किती उघडायचा, 'ए' कुठे आखडायचा, शब्दाच्या शेवटचा 'त' नेमका कधी सोडायचा, वाक्याच्या कुठल्या वळणावर श्वास घ्यायचा, हे तुम्ही गाणं शिकण्याच्या कितीतरी आधी एकमेकांकडून उचललंत. दोन गायकांचा 'आ' वेगळा असेल तर सूर चोख लागूनही आवाज एकमेकांशेजारी नुसते उभे राहतात. 'आ' एक झाला की मिसळतात. परक्या दोघांना यासाठी वर्षं घालवावी लागतात. तुम्हाला ते आयतं मिळालंय.

अमेरिकेतले कंट्री गायक ल्यूव्हिन बंधू, आयरा आणि चार्ली, गाता गाता वरचा आणि खालचा सूर आपसांत बदलायचे, आणि कोण कुठे गेला ते ऐकणाऱ्याला कळत नसे. डॉन आणि फिल एव्हर्ली या अमेरिकन भावांनी १९५७ पासून ती जवळीक रॉक अँड रोलमध्ये आणली. डॉन सहसा खालची ओळ धरायचा, फिल वरून जायचा, आणि फिलची ओळ एकटी ऐकली तरी ती पुरती चाल वाटावी इतकी घोटीव असायची. आयर्लंडमधल्या डोनेगलच्या क्लॅनाड या बँडमध्ये ब्रेनन भावंडं आणि त्यांचे जुळे मामा होते, म्हणजे दोन पिढ्यांचे आवाज एकाच घराण्यातले. तुमच्या हातात याच जातीची गोष्ट आहे. ती पहिल्या ओळीतच खर्च करू नका एवढंच माझं म्हणणं आहे.

आता सुरांबद्दल, कारण डेमोत एका ठिकाणी माझा जीव हळहळला. सहाव्या गाण्यात हार्मनीवर कुणीतरी पिच करेक्शन (सूर आपोआप सरळ करणारं सॉफ्टवेअर) लावलंय. ते काढा. कारण समजून घ्या. ४४० हर्ट्झचा (सेकंदाला ४४० कंपनांचा) सूर षड्ज धरला तर गिटारच्या पडद्यावर त्याचा शुद्ध गंधार ५५४.३७ हर्ट्झला येतो, कारण तिथे सप्तकाचे बारा समान भाग केलेले असतात. गळ्यातून नैसर्गिकपणे लागणारा गंधार मात्र ५:४ या प्रमाणात, म्हणजे ५५० हर्ट्झला बसतो. अंतर सुमारे १४ सेंट, म्हणजे अर्धस्वराचा सातवा भाग. खर्जाची तार नीट लागली की तंबोऱ्यातून न छेडलेला स्वयंभू गंधार उमटतो ना, तोच हा. वरच्या उपस्वरांमध्ये (मूळ सुराबरोबर उमटणाऱ्या बारीक सुरांमध्ये) पडद्यावरचा गंधार षड्जाशी घासतो आणि सेकंदाला सतरा-अठरा वेळा थरथरतो. गळ्यातला गंधार मात्र षड्जात विरघळतो. तुमची धाकटी हा गंधार आपोआप खाली घेते. कुणी शिकवलेलं नाही, ताईच्या आवाजाला टेकायची सवय आहे म्हणून. पिच करेक्शनची साधी सेटिंग त्या गंधाराला चूक समजते आणि उचलून पडद्यावर नेऊन ठेवते.

हा गुन्हा मी स्वतः केलेला आहे. खूप वर्षांपूर्वी दोन बहिणी माझ्याकडे गायला आल्या होत्या. त्या घरी गेल्यावर मी रात्रभर बसून त्यांच्या हार्मनीचा एकेक सूर 'सरळ' केला. संगणकाच्या पडद्यावर सगळ्या रेषा आखल्यासारख्या झाल्या, मला फार समाधान वाटलं. सकाळी थोरलीने हेडफोन लावले, एक कडवं ऐकलं, काढले, धाकटीला दिले. तिनेही ऐकलं. मग थोरली हळूच म्हणाली, "दादा, या कोण आहेत?" मूळ टेक (गाण्याच्या रेकॉर्ड केलेल्या फेऱ्या) जपून ठेवले होते म्हणून वाचलो. तेव्हापासून माझा नियम: मुख्य आवाजातला एखादा निसटलेला सूर हाताने सावरायला हरकत नाही, भावंडांच्या हार्मनीला हात लावायचा नाही. फारच बिघडली असेल तर तिघांनी पुन्हा गायचं.

मग गिटारचं काय? ती तर पडद्यावरच वाजणार आणि गळ्यातल्या गंधाराशी भांडणार. उपाय सोपा आहे: जिथे तिघं गाता तिथे गिटारने गंधार वाजवूच नये. यातून ओढीच्या कामाचंही काही हाती लागतं. डी-ए-डी-जी-ए-डी हे ट्यूनिंग तुम्हाला माहीत असेलच. डेव्ही ग्रॅहम या गिटारवादकाने ते साठच्या दशकाच्या सुरुवातीला फोकमध्ये रूढ केलं. सगळ्या तारा मोकळ्या छेडल्या तर षड्ज, पंचम आणि मध्यम मिळतात, गंधार नसतो. म्हणजे कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) मेजरही नाही, मायनरही नाही. मध्यम गंधाराच्या उंबरठ्यावर उभा राहतो आणि आत येत नाही. आनंद की दुःख हे गिटार सांगत नाही, ते गळ्यावर सोडते. तुमच्या तिसऱ्या, पाचव्या आणि नवव्या गाण्याला हे ट्यूनिंग द्या. दहाही गाण्यांना दिलंत तर पुन्हा सगळं एकाच रंगाचं होईल.

समेवर येण्याची घाईही जरा आवरा. तुमचं प्रत्येक ध्रुपद, म्हणजे परत परत येणारी ओळ, घरी पोचतं, षड्जावर, ताईच्या भरल्या आवाजात, झांजेच्या ठोक्यासकट. काही ध्रुपदं पंचमावर सोडून द्या. एखादं गाणं चौथ्या, म्हणजे मध्यमावरच्या, कॉर्डवर संपू द्या आणि पुढचं गाणं ज्या पट्टीत सुरू होतं तिथे त्याचं उत्तर मिळू द्या. दोन गाण्यांमधले तीन सेकंद मग रिकामे राहत नाहीत.

आता मुख्य कामाकडे येतो. एका मोठ्या कागदावर दहा गाणी आणि तीन आवाज असा तक्ता मांडा, आणि कोण कधी गातं हे लिहिण्याऐवजी कोण कुठे गैरहजर आहे ते लिहा. दोन गाण्यांत भाऊ अजिबात गाणार नाही. एका गाण्यात ताई नाही. एक गाणं असं हवं की तिघं शेवटच्या कडव्यातच एकत्र येतात, आणि एक असं की ज्यात तिघं सुरुवातीला एकत्र असता आणि एकेक जण गळत जातो.

तुमचं पाचवं गाणं, दारामागच्या छत्रीचं, उदाहरणादाखल घेतो, कारण ते मला सगळ्यांत आवडलं. आत्ता पहिल्या ओळीपासून तिन्ही आवाज आहेत. पहिलं कडवं ताईने एकटीने, साधं, जवळून गावं. चाल ऐकणाऱ्याच्या कानात पक्की बसू द्या. ध्रुपदात धाकटी वरून येईल, भाऊ खालून. दुसऱ्या कडव्यात ताईने गप्प बसायचं. वरचा आणि खालचा सूर तसाच चालू राहील, शब्दांसकट, पण मधली मुख्य चाल कुणीच गाणार नाही. आपण हार्मनी म्हणतो तो भाग फक्त उरेल. ऐकणाऱ्याला चाल आधीच पाठ झालेली असते, त्यामुळे त्याचं मन ती मधली ओळ आपोआप गुणगुणायला लागतं. नसलेला आवाज त्याला ऐकू येतो. ओढ या शब्दाचा अर्थ मला एरवी इतका थेट कुणी ऐकवलेला नाही. हे एका बँडबरोबर प्रथम केलं तेव्हा कंट्रोल रूममध्ये बसलेली त्यांची मैत्रीण नकळत ती गाळलेली ओळ ओठांनी म्हणत होती. पण हे अल्बममध्ये एकदाच करा.

'द स्टेव्हज' या इंग्लंडच्या तीन बहिणींचं उदाहरण इथे आठवतं. एमिली, जेसिका आणि कमिला. त्यांचा २०१२ चा पहिला अल्बम तिघींच्या घट्ट विणलेल्या आवाजांचा. २०२४ चा अल्बम जेसिका आणि कमिला या दोघींनीच केला, एमिली बँडमधून बाजूला झाली होती. तिघींची सवय असलेल्या कानाने तो ऐकला की तिसरी जागा जाणवत राहते, गाणं कशाहीबद्दल असलं तरी. आयुष्याने त्यांना जे दिलं ते तुम्ही मांडणीतून मिळवू शकता, आणि तुमच्याकडे कारण खरं आहे: भाऊ खरोखरच घरात नसतो.

शब्दांविषयी आता. दहा गाण्यांत 'ओढ', 'आठवण' आणि 'वाट' हे तीन शब्द मिळून मी चाळीसवर मोजले. आपल्या भाषेत या भावनेसाठी इतके शब्द आहेत की एकाच शब्दाला सगळी ओझी वाहायला लावणं बरं नाही. विरहात माणूस ठरलेला असतो, तो कोण आणि कुठे आहे हे माहीत असतं. हुरहुरीला पत्ताच नसतो, संध्याकाळी उगीच लागते. आस पुढे पाहते, आठवण मागे. तळमळ अंगात असते, ती कूस बदलायला लावते. घालमेल म्हणजे उत्तर यायचंय आणि येत नाहीये. प्रत्येक गाण्याच्या डोक्यावर यातला एकच शब्द पेन्सिलीने लिहा आणि मग तो शब्द गाण्यात कुठेही येऊ देऊ नका. त्याच्या जागी वस्तू ठेवा. छत्रीचं गाणं म्हणूनच उभं राहतं: 'तुझी छत्री दारामागे, पाऊस संपून गेला.' या ओळीत भावनेचं नाव नाही, तरी ती कळते. सातव्या गाण्यातलं 'मनात दाटे ओढ तुझी' मला काहीच दाखवत नाही.

आणखी एक गोष्ट भावंडांच्या बँडमध्ये फार कमी लोक उघड बोलतात. ताई आणि भाऊ समोरासमोर उभे राहून प्रियकर-प्रेयसीची विराणी गातात तेव्हा ऐकणारा कुठेतरी अवघडतो. तुमच्या दुसऱ्या आणि आठव्या गाण्यात ते झालंय. एव्हर्ली बंधूंना ही अडचण आली नाही, कारण दोघं मिळून एकच 'मी' गात, एका माणसाचं मन दोन गळ्यांतून. तुम्हीही तेच करा: दोघांनी एकमेकांना उद्देशून न गाता एकाच दिशेला तोंड करून गायचं. किंवा दुसऱ्या आवाजाला साक्षीदार करा. एक सांगतो, दुसरा फक्त शेवटचे शब्द धरतो, जणू त्याने ते बघितलेलं आहे. आणि मुळात भावंडांकडे स्वतःची अशी ओढ असते, ती कुठल्याच प्रेमगीतात नसते. एकाच खोलीत झोपणारी तीन मुलं आता तीन ठिकाणी झोपतात, हे तुमच्याखेरीज कोण लिहिणार? तुमच्या दहा गाण्यांत त्यावर एकच आहे. आणखी दोन लिहा, आणि दुसरं-आठवं गाणं सरळ वगळलंत तरी चालेल.

लयीचं लवकर आटपतो. तुमची सगळी गाणी मिनिटाला ६८ ते ८० ठोक्यांत आहेत आणि सात गाणी एकाच पट्टीत. ओढ म्हटलं की आपण लय कमी करतो, ही सवय आहे. घालमेल होते तेव्हा छातीचे ठोके वाढतात. एक गाणं १३० च्या आसपास न्या, ड्रमवर काठ्या घ्या, मँडोलिन सलग सोळाव्या मात्रांत (एका ठोक्यात चार) वाजू द्या आणि ताईने वर लांब, संथ ओळ गावी. खाली धावपळ, वर थांबलेलं माणूस. तुमच्या नावातला 'रॉक' या अल्बममध्ये दडून बसलाय, त्याला बाहेर काढायची हीच जागा. दुसऱ्या एखाद्या गाण्यात धाकटीने फक्त बेस ड्रम वाजवावा आणि स्नेअर या कडक आवाजाच्या ड्रमचा अपेक्षित ठोका पूर्ण पहिलं कडवं रोखून धरावा. तो ठोका पहिल्यांदा पडेल तेव्हा काय होतं बघा.

आता त्या बारा दिवसांचं. भावाला लांबून ट्रॅक पाठवायला सांगायचे की नाही, हा तुमचा थेट प्रश्न होता. माझं उत्तर: जिथे तिघं एकत्र गाता ती प्रत्येक ओळ एका खोलीत, एका वेळी. भावंडांचं जुळणं बरंचसं श्वासात असतं. एकमेकांचे खांदे दिसले नाहीत तर ओळीच्या सुरुवातीला पाव सेकंदाचा संकोच येतो. पहिले दोन दिवस काहीच रेकॉर्ड करू नका, नुसते गात बसा. नंतर रोज एक गाणं. म्हणजे दहा दिवसांत दहा, पण नवव्या-दहाव्या दिवशी गळे थकलेले असतील, तेव्हा एकेकट्या आवाजाची गाणी शेवटी ठेवा.

खोलीत तीन माइक लावणार असाल तर शक्यतो 'फिगर-एट' पद्धतीचे घ्या. ते पुढून आणि मागून ऐकतात आणि बाजूला, ९० अंशांवर, जवळजवळ बहिरे असतात. ती बहिरी बाजू शेजारच्या गाणाऱ्याकडे किंवा गिटारकडे वळवली की तिघं हातभर अंतरावर उभे राहूनही आवाज बराच वेगळा राहतो. थोडा एकमेकांत सांडेल. सांडू द्या, तोच तुमचा डिंक आहे. ड्रमला फार माइक नकोत. इंग्लंडचे ध्वनिमुद्रक ग्लिन जॉन्स यांची जुनी रीत फोक-रॉकला अजून शोभते: एक माइक स्नेअरच्या वर साधारण मीटरभर, दुसरा फ्लोअर टॉमच्या (जमिनीवर उभ्या मोठ्या ड्रमच्या) बाजूने स्नेअरकडे पाहणारा, दोन्ही स्नेअरच्या मध्यापासून दोरीने मोजून सारख्या अंतरावर, आणि एक बेस ड्रमला. याच ग्लिन जॉन्स यांनी मुलगा ईथनबरोबर स्टेव्हज बहिणींचा पहिला अल्बम केला. संथ गाण्यांना क्लिक (कानात ठरलेली लय देणारा यांत्रिक ठोका) लावू नका. ड्रम धाकटीच्या हातात आहेत, आणि ताई श्वास घेते तेव्हा ती आपसूक थांबते. क्लिक तसा थांबणार नाही.

मिक्सिंगमध्ये 'दूर' कसं दाखवायचं हे बहुतेक लोक चुकतात. भरपूर रिव्हर्ब (घुमारा) टाकला म्हणजे आवाज लांब जात नाही, तो मोठ्या दालनात जवळ उभा राहतो. माणूस लांब असतो तेव्हा थेट आवाज कमी आणि भिंतींवरून परतलेला जास्त, तीक्ष्णपणा हवेत थोडा जिरलेला, आणि थेट आवाज व पहिला पडसाद यांत अंतर जवळपास शून्य. म्हणून लांबच्या आवाजाला प्री-डिले (घुमारा सुरू होण्याआधीचा वेळ) जवळजवळ देऊच नका आणि वरच्या कंपनसंख्या उतरवा. जवळच्या आवाजाला २० ते ४० मिलिसेकंद प्री-डिले द्या, तो कानाशी राहील. ध्वनी २० मिलिसेकंदांत सुमारे सात मीटर जातो, हे डोक्यात ठेवलं की आकडे आपोआप सुचतात.

त्याहून चांगलं म्हणजे माणसालाच लांब उभं करणं. एका रेकॉर्डिंगला आम्ही दुसऱ्या एका बँडमधल्या भावाला खोलीबाहेर, बोळाच्या दुसऱ्या टोकाला उभं केलं आणि मधलं दार अर्धं उघडं ठेवलं. त्याला वेगळा माइक दिलाच नाही. आतल्या बहिणीच्या माइकमध्येच तो जेवढा आला तेवढा आला. दोन टेक झाले. तिसऱ्याला त्याला वाटलं आपण ऐकू जात नाही, म्हणून तो शेवटच्या ओळीवर जरा जोर लावून गायला, आवाज किंचित फाटला आणि दार वाऱ्याने हललं. अल्बमवर तो तिसरा टेक आहे, दाराच्या आवाजासकट. तुमच्या नवव्या गाण्याला हे करून बघा. आणि एक गाणं भावाने खरंच तिकडे, त्याच्या खोलीत, एकट्याने रेकॉर्ड करून पाठवावं. खोलीचा आवाज पुसू नका. ते गाणं लांबून आलेलं आहे हे कळायलाच हवं.

भांडणांबद्दल तुम्ही एकाच वाक्यात लिहिलंत, पण ते वाक्य मला जड वाटलं. एव्हर्ली बंधू जुलै १९७३ मध्ये कॅलिफोर्नियात भर मंचावर वेगळे झाले. फिलने गिटार आपटली आणि तो निघून गेला. पुन्हा एकत्र गायला १९८३ चा सप्टेंबर उजाडला, लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये. ऑस्ट्रेलियाची अँगस आणि ज्युलिया स्टोन ही भावंडं वेगवेगळ्या वाटांनी गेली होती. रिक रुबिन या निर्मात्याने त्यांना पुन्हा जवळ आणलं आणि २०१४ च्या अल्बमसाठी ती दोघं एकत्र बसून गाणी लिहू लागली. दोन्हीतून मी एकच गोष्ट घेतो: खोलीत चौथा माणूस हवा, जो तुमच्या घरातला नाही. भावंडं सुरावरून भांडत असतात तेव्हा भांडण बहुधा सुराचं नसतं, आणि ते बाहेरच्यालाच दिसतं. प्रत्येक गाण्याचा शेवटचा शब्द कुणाचा, आणि गीत-संगीताचं श्रेय कुणाचं किती, हे रजेआधी, रेकॉर्डिंगची तारीख लांब असताना, लिहून ठेवा. ज्याने गाणं लिहिलं त्याने त्याच गाण्याचा टेक निवडू नये, हा माझा आग्रह.

क्रम लावताना अल्बमचे दोन भाग कल्पा, रेकॉर्डच्या दोन बाजूंसारखे, प्रत्येकी वीस-बावीस मिनिटं. खरोखर रेकॉर्ड काढणार असाल तर हेही लक्षात घ्या की बाजूच्या शेवटी, आतल्या खोबणीत, वरचा तीक्ष्ण आवाज कमी नीट उमटतो. शांत गाणी तिथे बसतात. वेगवान गाणं दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला घ्या. तिघांचा भरलेला, पूर्ण आवाज पहिल्या भागात एकदाच, तोही शेवटी. आणि मास्टरिंगला (अल्बमवर शेवटचा हात फिरवताना) आवाज कमाल पातळीवर दाबून घेऊ नका. स्ट्रीमिंग सेवा गाणी शेवटी साधारण एका पातळीला आणतात, त्यात तुमच्या शांत जागा तेवढ्या नाहक भरल्या जातील.

राहिली ती कॅसेट. वडिलांनी तुम्ही लहान असताना तिघांचं गाणं टेप केलं होतं आणि ते अल्बमच्या शेवटी लावावं असं धाकटीला वाटतंय, ताईला ते रडवण्याचा प्रयत्न वाटतो. माझं मत ताईच्या बाजूने आहे, पण कॅसेट वापराच. शेवटी नको, कारण तिथे प्रत्येकाला तीच अपेक्षा असते. तुमच्या एका खोलीच्या गाण्यात, दुसऱ्या कडव्यानंतर, जिथे आत्ता मँडोलिनचा तुकडा आहे, तिथे दहा-अकरा सेकंद ती मुलं येऊ द्या आणि काही न सांगता जाऊ द्या. तेवढा वेळ तुम्ही तिघं गप्प.

त्याआधी ती कॅसेट घरच्या प्लेअरवर पुन्हा वाजवून बघू नका. जुनी फीत पहिल्याच फेरीत तुटू शकते. जाणकाराकडून प्लेअरचं हेड (फीत वाचणारा भाग) साफ करून, हेडचा कोन त्या फितीशी जुळवून, एकदाच डिजिटल करून घ्या. जुन्या टेपरेकॉर्डरचा वेग थोडा चुकलेला असतोच. वेगात एक टक्का फरक म्हणजे सुरात सुमारे १७ सेंट, त्यामुळे मुलांचा आवाज तुमच्या कुठल्याच पट्टीत नेमका बसणार नाही. तो संगणकावर ओढून बसवायचा मोह होईल. तसं करू नका. ती मुलं जिथे गातायत तो षड्ज धरा, गिटारच्या तारा तेवढ्या खाली किंवा वर जुळवा, मँडोलिनच्याही, आणि ते पूर्ण गाणं त्यांच्या पट्टीत गा.